मेसेजवरचा कोड बंद करताना

मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला की त्याचा पुण्यातला मोबाइल नंबर काही महिने चालू राहतो. घरचे आठवणीने रिचार्ज मारतात. मग एखादा रिचार्ज राहून जातो, सिम बंद पडते, आणि तिकडचा नंबर हाताशी असल्यामुळे कुणाचे काही अडतही नाही. अडते ते नव्या लॅपटॉपवर जीमेल उघडताना. पासवर्ड बरोबर असतो, पण पुढच्याच पानावर लिहून येते की अमुक दोन अंकांनी संपणाऱ्या नंबरावर सहा अंकी कोड पाठवला आहे. तो नंबर आता त्याच्याकडे नाही. व्हिसाची कागदपत्रे, घरभाड्याचा करार, कंपनीची पत्रे, सगळे त्या सहा अंकांच्या पलीकडे राहते.

ई-मेलवरचा मेसेज-कोड बंद कसा करायचा, हा प्रश्न बहुतेकांना अशा वेळी पडतो, आणि नेमका तेव्हाच तो सुटत नाही. कोड बंद करायलाही आधी खात्यात शिरावे लागते, आणि सुरक्षेची सेटिंग उघडताना गूगल पुन्हा ओळख पटवायला सांगते. म्हणून हे काम सगळे सुरळीत चालू असताना, सवडीने करून ठेवायचे आहे. माझे मत स्पष्ट आहे. मेसेजवरचा कोड बहुतेकांनी बंद करावा, पण त्याची जागा घेणारे काहीतरी आधी बसवून मगच.

हा क्रम चुकतो तो एका गैरसमजामुळे. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' अशी सोय असते. दर वेळी कोड टाकण्याचा कंटाळा आला की लोक ती सोयच बंद करून टाकतात. मेसेज येणे थांबते, पण त्याबरोबर पासवर्डनंतरची दुसरी पायरीही जाते आणि खाते एकट्या पासवर्डवर उभे राहते. तो पासवर्ड कधीतरी एखाद्या खरेदीच्या ॲपलाही दिलेला असतो, आणि त्या ॲपची माहिती फुटली की तो चोरांच्या यादीत जातो. त्यातून ई-मेल हे इतर खात्यांसारखे एक खाते नाही. विमा, शेअर, आयकर, फेसबुक, कुठेही 'पासवर्ड विसरलो' म्हटले की नवा पासवर्ड ठरवायची लिंक ई-मेलवरच येते. ई-मेल ज्याच्या हातात गेले, त्याच्या हातात हळूहळू बाकीचे सगळे जाते. तेव्हा दुसरी पायरी ठेवायचीच आहे. काढायचा आहे तो तिचा मेसेजचा रस्ता.

मेसेज का नको, हे समजायला त्याचा जन्म पाहावा लागतो. पहिला एसएमएस इंग्लंडमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने संगणकावरून व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. फोन जोडण्यासाठी यंत्रणांना आपापसांत ज्या खुणा पाठवाव्या लागतात, त्यांच्या वाहिनीत जी जागा मोकळी राहते तिच्यातून हा मजकूर जात असे. १६० अक्षरांची मर्यादा त्या तंग जागेतूनच आली. शुभेच्छा आणि निरोप यांसाठी ही सोय उत्तम होती. गुपिते पाठवण्यासाठी ती कुणी बांधलीच नव्हती. मेसेज वाटेत कंपनीच्या यंत्रणेला उघडा वाचता येतो, आणि तो पोहोचतो 'नंबरा'कडे. नंबर आज कोणत्या सिमवर आहे, ते कंपनीचा संगणक ठरवतो.

सगळी मेख इथे आहे. आपण म्हणतो 'माझा नंबर', पण तो आपल्याकडे असतो तो कंपनीच्या नोंदीपुरता. घराची चावी सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवावी आणि तो ती कुणाला देतो यावर आपला ताबा नसावा, तसे हे आहे. सिम हरवले म्हणून गॅलरीत जाऊन ओळखपत्र दाखवले की त्याच नंबराचे नवे सिम मिळते. ही सोय प्रामाणिक ग्राहकासाठी आहे, पण खोटे ओळखपत्र घेऊन गेलेल्यालाही ती मिळू शकते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सिमची अदलाबदल करून पाहिली. पाच मोबाइल कंपन्यांकडे, प्रत्येकी दहा प्रीपेड नंबरांसाठी, त्यांनी फोनवरून सिम बदलून मागितले. ५० पैकी ३९ वेळा नंबर दुसऱ्या सिमवर गेला. हा अभ्यास २०२० च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे हे प्रयोगापुरते राहिलेले नाही. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्री उशिरा लागोपाठ सहा मिस्ड कॉल आले. सकाळी पाहतात तर फोनला नेटवर्क नाही. त्यांच्या नंबराचे दुसरे सिम कुणीतरी चालू करून घेतले होते, आणि खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये वेगवेगळ्या खात्यांत वळते झाले होते. फसवणाऱ्यांनी त्यांचा फोन चोरला नव्हता, त्याला हातही लावला नव्हता. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या स्वतःच्या ट्विटर खात्यावरून शिवीगाळ प्रसिद्ध झाली, तीही त्यांचा नंबर दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यामुळे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या अधिकृत खात्यावरून बिटकॉइनबद्दलची खोटी घोषणा झाली. कारण तेच, सिमची अदलाबदल.

यावर आपल्याकडे नियम झाले आहेत. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवावेत, असे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितले. १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. या २४ तासांत खऱ्या मालकाला आपला फोन मुका झाल्याचे कळावे, ही अपेक्षा आहे. पण ज्याचे जुने सिम कपाटातल्या जुन्या फोनमध्ये पडून आहे, त्याला ते कळणार कसे?

गावोगावी आज जास्त चालतो तो प्रकार याहून साधा आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते किंवा वाहनाचे चलान येते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते, म्हणजे ती पत्रिका नसून ॲप असते. ते बसताना मेसेज वाचायची परवानगी मागते, घाईत ती दिली जाते, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी गुपचूप दुसऱ्या फोनवर पोहोचतो. सिम आपले, फोन आपल्याच खिशात, तरी कोड वाचणारा तिसराच.

आणि काही वेळा कुणीच काही चोरत नाही, तरी नंबर जातो. बराच काळ न वापरलेला नंबर बंद होतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. प्रिन्स्टनच्याच केव्हिन ली आणि अरविंद नारायणन यांनी २०२१ मध्ये असे विकायला पुन्हा आलेले २५९ नंबर तपासले. त्यांपैकी १७१ नंबर आधीच्या मालकाच्या कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन खात्याला अजून जोडलेले होते. ज्याने सरळ मनाने नवे सिम घेतले, त्याच्या हाती अनोळखी माणसाच्या खात्यांचे कोड येऊ शकतात.

हे सगळे लिहिताना मेसेज-कोडशी अन्याय करायचा नाही. काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी चांगला. गूगलने २०१९ मध्ये आपल्या खात्यांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राने आपोआप केलेले सगळे हल्ले मेसेज-कोडने अडवले होते. फसव्या पानांचे घाऊक जाळे टाकून केलेले ९६ टक्के हल्लेही अडले. एखाद्या माणसाला हेरून, त्याच्यासाठीच रचलेल्या हल्ल्यांत मात्र हे प्रमाण ७६ टक्क्यांवर आले. म्हणजे ज्यांना आज दुसरे काही जमत नाही, त्यांनी मेसेज-कोड काढू नये. ज्यांना जमते, त्यांनी तिथे थांबू नये. अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, २०१७ मध्येच मेसेजवरच्या कोडला 'मर्यादित' पद्धतींत टाकले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सायबर सुरक्षा यंत्रणेने महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना तो सोडूनच द्यायला सांगितले.

मग त्याच्या जागी काय? दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही फुकट.

पहिली म्हणजे ऑथेंटिकेटर ॲप. गूगलचे आहे, मायक्रोसॉफ्टचे आहे, इतरांचीही आहेत. ते एकदा बसवून पाहा आणि मग फोन एअरप्लेन मोडवर टाका. नेटवर्क नाही, वायफाय नाही, तरी पडद्यावर सहा अंक उभे असतात आणि दर ३० सेकंदांनी ते बदलतात. कुणी काही पाठवत नसताना हे अंक येतात कुठून? जोडणी करताना आपण जो चौकोनी क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक लांबलचक गुप्त संख्या असते. तिची एक प्रत फोनमध्ये जाते आणि एक गूगलकडे राहते. घड्याळातली वेळ ३० सेकंदांच्या तुकड्यांत मोजायची, चालू तुकड्याचा क्रमांक त्या गुप्त संख्येबरोबर ठरलेल्या गणितात घालायचा आणि उत्तरातून सहा अंक काढायचे. दोन्हीकडे संख्या तीच, वेळ तीच, म्हणून उत्तरही तेच. ही रीत मे २०११ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली आणि तिच्यात काही गुपित नाही. गुपित फक्त ती संख्या. वाटेत पकडायला मेसेजच नसतो. सिम बदला, देश बदला, अंक येतच राहतात. फोनचे घड्याळ मात्र आपोआप वेळ जुळवणारे असावे. हाताने वेळ पुढे-मागे केली असेल तर अंक जुळत नाहीत.

यातही एक फट उरते. हुबेहूब गूगलसारख्या दिसणाऱ्या खोट्या पानावर आपण हे सहा अंक टाकले, तर चोर ते त्याच अर्ध्या मिनिटात खऱ्या पानावर टाकू शकतो. दुसरी गोष्ट ही फट बुजवते. ती म्हणजे पासकी. गूगलने ती सामान्य खात्यांसाठी मे २०२३ मध्ये आणली. हिच्यात टाइप करायचे काहीच नाही. फोन उघडायला जसे बोट किंवा चेहरा लागतो, तसाच इथे लागतो, आणि मग फोन आपल्यातल्या किल्लीने गूगलच्या प्रश्नावर सही करून देतो. ही किल्ली वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी ती चालत नाही. माणसाचे डोळे जिथे फसतात तिथे यंत्र फसत नाही, आणि माझ्या मते पासकीचे सर्वांत मोठे मोल यात आहे. विशेषतः वयस्कर माणसांसाठी, कारण फोनवरून 'काका, आलेला कोड जरा सांगता का' असे विचारणाऱ्याला सांगायला त्यांच्याकडे कोडच नसतो. पासकी फक्त स्वतःच्या उपकरणावर करायची. ऑफिसच्या सामायिक संगणकावर किंवा सायबर कॅफेत नाही.

आता प्रत्यक्ष काम. संगणकावर गूगल खाते उघडून सुरक्षा विभागात जा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनच्या पानावर जोडलेले सगळे मार्ग एकाखाली एक दिसतात. आधी ऑथेंटिकेटर किंवा पासकी जोडा, जमल्यास दोन्ही. मग बॅकअप कोड काढा. आठ अंकांचे दहा कोड मिळतात, चार-चार अंकांच्या जोडीत छापलेले. प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. हे कोड कागदावरच हवेत. फोनमध्ये फोटो काढून ठेवले तर फोनबरोबर तेही गेले. ड्राइव्हवर ठेवले तर ज्या खात्यात शिरण्यासाठी ते हवेत, त्याच खात्यात ते बंद. गूगलच्या ऑथेंटिकेटरचीही अशीच अडचण होते. २०२३ पासून त्यातली माहिती गूगल खात्यात साठवता येते, पण ते खातेच उघडत नसेल तर ती साठवण कामाची नाही. कागदाची घडी पासपोर्टबरोबर किंवा घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये असू द्या.

मग, नंबर काढण्याआधी, तपासणी. संगणकावरचे चालू खाते तसेच उघडे ठेवायचे, शेजारी इन्कॉग्निटो खिडकी उघडायची आणि तिच्यातून नव्याने लॉगिन करून पाहायचे. कोडची वेळ आली की 'दुसरा मार्ग वापरा' निवडून ऑथेंटिकेटरचे अंक टाकायचे किंवा पासकी वापरायची. आत शिरता आले तरच पुढे जायचे. काही बिघडले तर उघडे खाते हाताशी असते, त्यातून दुरुस्त करता येते. ही पायरी लोक वगळतात, आणि नंतरचा सगळा मनस्ताप तिथून सुरू होतो. तपासणी झाली की टू-स्टेपच्या पानावरच्या फोन नंबरांच्या भागात जाऊन नंबरासमोरच्या कचरापेटीच्या चिन्हावर दाबायचे. एवढ्याने दुसऱ्या पायरीचा मेसेज-कोड बंद होतो.

पण नंबर खात्यातून गेलेला नसतो. तोच नंबर 'रिकव्हरी फोन' म्हणून वेगळ्या जागी नोंदलेला असतो, आणि दोन्ही नोंदी स्वतंत्र आहेत. एक काढली म्हणून दुसरी जात नाही. लॉगिन नेहमीपेक्षा वेगळे वाटले किंवा पासवर्ड विसरलात, तर गूगल या रिकव्हरी फोनवर कोड पाठवू शकते. 'बंद केले तरी मेसेज येतातच' अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेकदा ही दुसरी नोंद असते. ती ठेवावी की काढावी? नंबर खरोखर तुमचा असेल, रोजच्या वापरात असेल, तर ठेवा. खाते गमावलेल्या माणसाला तो परतीचा एक रस्ता असतो. नंबर सुटणार असेल, किंवा कुणी तुमच्या मागावर असण्याची शक्यता असेल (पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांच्या बाबतीत ती असते), तर काढा आणि त्याऐवजी विश्वासाचा दुसरा ई-मेल पत्ता द्या. त्या पत्त्यालाही तितकीच पक्की दुसरी पायरी हवी. रिकव्हरी नंबर बदलल्यावर सात दिवस गूगल जुन्या नंबरावरही कोड देऊ करू शकते. म्हणून परदेशी जाणाऱ्यांनी हे विमानाच्या आदल्या रात्री करू नये. दोन आठवडे आधी केले की जुने सिम हातात असतानाच ही मुदत संपते.

आउटलुक किंवा हॉटमेल वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सुरक्षेची सगळी माहिती एकदम काढून नवी घातली, तर ती लागू व्हायला ३० दिवस लागतात. तिथे नवे आधी जोडायचे, जुने नंतर एकेक करून काढायचे.

अनेक घरांत आई-वडिलांच्या ई-मेलला मुलाचाच नंबर दिलेला असतो, कारण खाते त्यानेच काढून दिलेले असते. बाबांना कोड लागला की ते मुलाला फोन करतात, मीटिंग चालू असते, तोवर कोडची मुदत संपते. या सवयीचा तोटा याहून मोठा आहे. 'कोड विचारायचा आणि सांगायचा' हे घरातच रोज घडत असेल, तर उद्या परक्याने फोनवर कोड विचारला तेव्हा त्यांना त्यात वावगे वाटत नाही. पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा त्यांच्याच फोनवर पासकी करून द्या, त्यांच्या बोटाने, त्यांच्याकडूनच दोनदा लॉगिन करवून घ्या आणि मग आपला नंबर काढा.

बँकेच्या बाबतीत मात्र इतके स्वातंत्र्य अजून नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवली. त्यांनी एसएमएस ओटीपी बंद केलेला नाही, पण बँकांना त्याव्यतिरिक्त दुसऱ्या पद्धतींची वाट मोकळी केली आहे. तुमची बँक ॲपमधूनच मंजुरी घेण्याची सोय देत असेल तर ती चालू करून घ्या. तशी सोय मिळेपर्यंत नंबर जपावा लागेल. फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक चालू केले की चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिन टाकल्याशिवाय ते चालत नाही. सुरुवातीचा पिन कंपनीचा असतो, तो विचारून घ्या आणि मग बदला. अंदाजाने टाकत बसू नका, तीन वेळा चुकला की सिम अडकते आणि ते उघडायचा पीयूके कोड कंपनीकडून घ्यावा लागतो. आपल्या नावावर एकूण किती सिम चालू आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहता येते. आणि नेटवर्क असलेल्या जागी, रिचार्ज संपलेला नसताना, आपल्याच फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि परत आले नाही, तर सकाळची वाट न पाहता दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि बँकेला फोन करा. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. त्या तक्रारीवरून पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, पण ते तिथून काढले जाण्याआधी कळवले तरच.